कथन आणि साक्ष

आपले दुःख चारचौघांत सांगावे की सांगू नये, हा प्रश्न जुना आहे आणि ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे तो सोडविलेला आहे. परंतु एकदा सांगायचे ठरल्यावर ते चांगले सांगता यावे म्हणून त्याचा सराव करावा काय? घड्याळ लावून, आरशासमोर उभे राहून, कोठे थांबावयाचे आणि कोठे आवाज उतरवावयाचा याची आखणी करून आपल्याच वडिलांच्या मृत्यूची तालीम करावी काय? वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पडण्याचे कारण म्हणजे दिल्लीत आमच्या वसाहतीजवळ भरणारे एक वक्तृत्वमंडळ.

‘वक्तृत्वमंडळ’ हा शब्द माझा. तेथील सभासद त्याला क्लब म्हणतात. दर शनिवारी सायंकाळी समाजसदनाच्या वरच्या मजल्यावर पंचवीस-तीस माणसे जमतात. त्यांत बँकेतील अधिकारी असतात, एक दंतवैद्य आहे, संगणकाच्या धंद्यातील तरुण मुलेमुली आहेत, दोनतीन निवृत्त गृहस्थ आहेत आणि गेली दोन वर्षे केंद्र सरकारच्या एका कचेरीतला उच्च श्रेणी लिपिक, म्हणजे मी, आहे. बोलायचे ते हिंदीत किंवा इंग्रजीत. तयार करून आणलेल्या भाषणास पाच ते सात मिनिटे मिळतात. पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा लागतो, सहाव्याला पिवळा, सातव्याला तांबडा. एक सभासद केवळ वेळ मोजतो. दुसरा, वक्त्याच्या तोंडून ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर’ असे निरर्थक उद्गार किती निघाले ते मोजतो आणि सभेच्या अखेरीस ती संख्या सर्वांसमक्ष जाहीर करतो. माझ्या पहिल्या भाषणात हा आकडा एकोणीस होता. तिसरा सभासद वक्त्याचे मूल्यमापन करतो. दोनतीन मिनिटांत गुण सांगावयाचे आणि पुढच्या वेळी काय सुधारावे तेही सांगावयाचे. शिवाय आयत्या वेळी विषय देऊन एकदोन मिनिटे बोलावयास लावण्याचा एक खेळ असतो. त्यात भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटते.

ही पद्धती अमेरिकेत जन्मली. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियातील सँटा ॲना या गावी वाय. एम. सी. ए. च्या तळघरात 22 ऑक्टोबर 1924 रोजी अशी पहिली सभा भरविली. त्यातून ‘टोस्टमास्टर्स’ ही संस्था उभी राहिली आणि आज तिच्या वळणाची मंडळे जगभर आहेत. भाषणांच्या स्पर्धा ते 1938 पासून घेत आले आहेत. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा कल्पना निराळी होती. जाणत्याने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि घरी जाताना काही शिकून जावे. या मंडळात जाणता असा कोणीच नसतो. ज्याने ऐकले त्याने पुढच्या आठवड्यात बोलावयाचे, आणि जो बोलला त्याने खाली बसून ऐकावयाचे. विषयाला येथे किंमत नाही म्हटले तरी चालेल. किंमत आहे ती सांगण्याला. हे ऐकून कोणी नाक मुरडील. मीही प्रथम मुरडले होते. पण ज्या माणसाने दहा वर्षे कचेरीतील बैठकीत, आपल्याला माहीत असलेले उत्तर घशाशी आल्यावर गिळून टाकले आहे, त्याला त्या खोलीने काय दिले ते तोच जाणे. त्याबद्दल मी कृतघ्न होणार नाही.

मला तेथे सर्वांत जड गेले ते एकच: ‘मी’ म्हणणे. आमच्या धंद्याच्या व्याकरणात प्रथमपुरुष नाहीच. टिपणीत ‘असे निदर्शनास येते’, ‘प्रस्ताव अवलोकनार्थ सादर’, ‘उचित आदेश व्हावेत’ अशी वाक्ये लिहीत माणूस पदोन्नतीपर्यंत पोचतो. कोणाच्या निदर्शनास आले हे कोणी विचारीत नाही. आणि मंडळात तर प्रत्येक मूल्यमापक सांगणार, आपली गोष्ट सांगा, आपल्यावर गुदरलेले सांगा, लोकांना तुम्ही हवे आहात. तेव्हा ‘मी’ कोठून आणावयाचा हे शोधता शोधता मी वडिलांपाशी येऊन पोचलो.

माझे वडील जबलपूरला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात भांडारपाल होते. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, नोव्हेंबर 2016 मध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. समज शाबूत होती. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील भागाला इजा झाली म्हणजे असे होते. पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी 1861 साली अशाच एका रुग्णाचे वर्णन केले होते, ज्याच्यापाशी ‘टॅन’ हे एकच अक्षर उरले होते. अनेकांच्या तोंडी एखादी शिवी उरते, एखाद्याच्या तोंडी देवाचे नाव. बाबांपाशी उरला तो शब्द ‘चालेल’. जन्मभर हा त्यांचा लाडका शब्द होता. भाजी शिळी निघाली, चालेल. बदली लांब झाली, चालेल. मुलाने अभियांत्रिकी सोडून साधी पदवी घेतली, तेही चालेल. आता चहा हवा की नको, खिडकी उघडू की लावू, कोण आले आहे, दुखते आहे का, या साऱ्यांचे उत्तर ‘चालेल’. कधी तो होकार असे, कधी नकार, कधी नुसता संताप. आई त्यातले स्वर ओळखू लागली होती. मी दोनतीन महिन्यांनी जाणारा. मला तो एकच स्वर ऐकू येई.

ते जानेवारी 2018 च्या पहिल्या आठवड्यात गेले. मंगळवारी आईचा फोन आला, की यायला हवं. संसदेचे अधिवेशन चालू होते आणि आमच्या अनुभागाकडे एका प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा होता. मी रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. मी गुरुवारी निघालो. महाकोशल एक्स्प्रेस धुक्यात पाच तास रखडली आणि शुक्रवारी पहाटे महोब्याच्या आसपास गाडी उभी असताना धाकट्या बहिणीचा फोन आला.

ही झाली हकीकत. आता तिचे कथन कसे होत गेले ते सांगतो, कारण माझ्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

पहिल्या वेळी मी सर्व जसेच्या तसे सांगितले. बाबांचा अखेरचा शब्दही ‘चालेल’ हाच होता, तो आईने ऐकला आणि नंतर मला सांगितला, असे मी म्हणालो. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजविल्या. मूल्यमापनाला उठलेल्या बाई एका शाळेत शिक्षिका आहेत. जाणत्या आणि मायाळू. त्या म्हणाल्या की तो शब्द तुमच्या आईने ऐकला, आईकडून तुम्ही, तुमच्याकडून आम्ही. मध्ये दोन दारे आहेत, आम्हाला त्या खोलीत न्या. सल्ला कथनकलेच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. खोटे सांगा असे त्या म्हणाल्या नव्हत्या, हे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या वेळी मी आईला गाळले. ‘बाबांचा शेवटचा शब्द होता, चालेल’ एवढेच वाक्य ठेवले. कोणाला म्हणाले, कशाबद्दल म्हणाले, हे सांगितलेच नाही. त्यामुळे ते खोटेही नव्हते. कारकुनाला ही कला अवगत असते. ऐकणाऱ्यांनी आपोआप मला त्या खाटेशेजारी बसविले आणि मी उठलो नाही. तिसऱ्या वेळी मी स्वतःच तेथे जाऊन बसलो. गाडी वेळेवर आली, रुग्णालयाचा जिना मी धावत चढलो, त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणालो, “बाबा, मला उशीर झाला.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “चालेल.” येथे मी चार सेकंद थांबत असे. चार हा आकडा मी घरी ठरविला होता; तीन अपुरे पडत, पाच नाटकी वाटत. (हिंदीतले ‘चलेगा’ मी मुद्दाम टाळले. दिल्लीच्या कानाला तो शब्द बेपर्वा वाटतो. मी मराठी शब्दच ठेवीत असे आणि त्याचा अर्थ समजावून सांगत असे; तेवढ्या समजावण्यानेच लोकांचे डोळे पाणावत.)

त्या भाषणावर मी मंडळाची स्पर्धा जिंकली आणि एक पायरी वर जाऊन तिथेही जिंकलो. सात-आठ वेळा ते केले असेन. गळा दाटून येण्याची जागा ठरलेली होती, आणि आश्चर्य असे की गळा खरोखरच दाटून येत असे. मी अभिनय करीत नव्हतो.

या शेवटच्या वाक्याने मला बराच काळ धीर दिला, म्हणून त्याचा थोडा विचार करतो. रोमच्या क्विंटिलियनने पहिल्या शतकात वक्तृत्वशास्त्रावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सहाव्या भागाच्या आरंभी हा थोर शिक्षक एकाएकी शास्त्र बाजूला ठेवतो आणि आपल्या घरातील मृत्यू सांगतो: एकोणीस वर्षेही पुरी न झालेली पत्नी, पाच वर्षांचा धाकटा मुलगा, आणि ग्रंथ चालू असतानाच गेलेला नऊ वर्षांचा थोरला. आणि त्याच भागात थोड्या पानांनंतर तो शिष्यांना सांगतो की दुसऱ्याला हलवायचे तर आधी स्वतः हलले पाहिजे. प्रसंग मनापुढे असा उभा करा की जणू तुम्ही तेथे आहात. मी स्वतः न्यायालयात बोलताना कितीदा रडलो आहे. ही दोन प्रकरणे एकाच माणसाने एकाच पुस्तकात लिहिली, याचे मला फार दिवस कोडे वाटत आले. पहिल्या प्रकरणातील अश्रूंना कोणी शिकविले नव्हते. दुसऱ्यातील अश्रू शिकवता येतात, आणि तेही खरे असतात. म्हणजे अश्रू खरे असणे हा कथन खरे असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. माझा गळा खरा दाटत होता, पण तो मी कल्पिलेल्या भेटीसाठी दाटत होता, न झालेल्या भेटीसाठी. किंबहुना ती झाली नाही म्हणूनच तो इतका सहज दाटत असावा.

येथे कोणी म्हणेल, कारकूनसाहेब, एवढे कशाला मनाला लावून घेता. गोष्ट म्हटली की मीठमिरची आलीच. हा आक्षेप हलका नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या त्रयीने कथाकथनाचे कार्यक्रम गावोगावी केले. त्यांच्या कथेतला माणूस कोणत्या आळीत राहतो, असे विचारीत कोणी मंचामागे गेले नसेल. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, द्रौपदीचा आक्रोश आपल्या तोंडून करतो, पण हस्तिनापुरात तो होता असे श्रोत्याला वाटत नाही. आपल्या परंपरेने तर याहून सूक्ष्म विचार केलेला आहे. क्रौंचवधाने वाल्मीकींच्या मुखातून श्लोक बाहेर पडला, तो शोक ऋषींचा वैयक्तिक शोक समजू नये, असे अभिनवगुप्त ‘लोचना’त बजावतात, स्वतः दुःखाने पोळत असलेला माणूस रस कोठून निर्माण करणार? शोक ‘माझा’ असण्याचे थांबतो तेव्हाच तो सर्वांचा होतो. हा विचार मला पटतो. परंतु मंडळातील व्यवहार बरोबर याच्या उलट आहे. तेथे सारे मोल ‘माझा’ या शब्दावर ठरते. हीच गोष्ट मी ‘एक मुलगा होता, त्याचे वडील’ अशी सांगितली असती, तर तिला रस असता, पारितोषिक नसते. लोक टाळ्या वाजवीत होते त्या मी नीट रचले म्हणून नव्हे. माझ्यावर ते गुदरले आणि तरी मी उभा राहून सांगतो आहे, म्हणून. मी त्यांच्यापुढे कथेकरी म्हणून उभा नव्हतो, साक्षीदार म्हणून उभा होतो. शपथ कोणी दिली नव्हती इतकेच.

प्लेटोने वक्तृत्वकलेची तुलना पाककलेशी केली आहे, कारण तीही हितापेक्षा जिभेकडे अधिक पाहते. तो आरोप मला फारसा लागू वाटत नाही. माझ्या भाषणाने कोणाचे अहित झाले असे दिसत नव्हते; उलट एके दिवशी हितच झालेले समोर आले. मंडळात एक सत्तरीचे निवृत्त गृहस्थ आहेत. घराच्या वाटणीवरून कानपूरच्या थोरल्या भावाशी त्यांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. माझे भाषण ऐकून त्यांनी पुढच्या आठवड्यात कानपूरची गाडी पकडली. परत आल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, बेटा, मी दारात उभा राहून तुझाच शब्द म्हणालो, मराठीतच म्हणालो, आणि तो समजला. असे ऐकल्यावर कोणता माणूस आपल्या कथेतील गाडीची वेळ तपासायला जाईल?

मग आई आली. हिवाळ्यात ती महिनाभर आमच्याकडे असते. स्पर्धेत कोणीतरी घेतलेले चित्रण बहिणीकडे पोचले होते आणि बहिणीने जबलपूरला आईला ते दाखविले होते, हे मला ठाऊक नव्हते. एका रविवारी सकाळी ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसली होती. मी शेजारी चहा घेत होतो. तिने मान वर न करता विचारले,

“तू होतास का रे त्या वेळी?”

कोणत्या वेळी, हे विचारण्याची गरज नव्हती. तरी मी विचारले.

“बाबा गेले तेव्हा. मला वाटत होतं की तू दुपारी पोचलास. मी तुला दारात पाहिलं, तेव्हा त्यांना खाली आणलेलं होतं. पण ते बघितल्यापासून मला काही सुचत नाही. एवढ्या लोकांपुढे तू सांगतोयस, म्हणजे असशील. माझंच चुकत असेल. त्या चार दिवसांत मी झोपले कुठे होते.”

मी अनेक प्रसंगांची तयारी करून ठेवलेली होती. कोणी खोटे पकडले तर काय म्हणावयाचे, कलेचे स्वातंत्र्य वगैरे, तेही मनात रचलेले होते. आई मला दोष देईल असेही कधी वाटले होते. परंतु ती माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवील, हे मी कोठेच धरले नव्हते. मी मंचावर जो माणूस बसविला होता, तो त्या खोलीत जाऊन बसला होता आणि तिथे जी खरोखर बसली होती, तिला तो उठवू लागला होता. आणि त्या क्षणीही, खोटे का बोला, ‘हो, होतो’ एवढे म्हटले की झाले, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तिलाही बरे वाटले असते.

मी म्हणालो, “नाही आई. मी गाडीत होतो. ते मी रचून सांगितलं.”

ती काही वेळ काड्या वेगळ्या करीत राहिली. “मग ते शेवटचं तुला नव्हते म्हणाले.”

“नाही.”

“नर्सला म्हणाले होते. सुई दुसऱ्या हाताला लावू का म्हणाली, तर म्हणाले चालेल. मग तिने लावली.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “तसं पुन्हा सांगू नकोस. मला सगळं पहिल्यापासून आठवावं लागलं.”

एवढेच. रागावली नाही, रडली नाही. मेथी धुवायला उठून गेली.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने 1932 साली स्मरणशक्तीवर एक पुस्तक लिहिले. एक अनोळखी लोककथा माणसांना वाचावयास देऊन ती त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेण्याचे त्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. दर खेपेस कथा थोडी आखूड होई, थोडी सुबक होई, सांगणाऱ्याच्या समजुतीला सोयीची होई. आणि ती आपण बदलली आहे याचा सांगणाऱ्याला पत्ता नसे. म्हणजे स्मरण ही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे; काढू तितक्या वेळा ती नव्याने घडवावी लागते. हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच सरावाचे मला भय वाटू लागले आहे. सराव म्हणजे तरी काय? तीच गोष्ट मुद्दाम, वेळ लावून, पुन्हा पुन्हा घडविणे. आज मी डोळे मिटले की महोब्याजवळची उभी गाडी मला धूसर दिसते. फोन कानाला लावताना समोरच्या बाकावर कोण होते ते आठवत नाही. रुग्णालयाचा तो जिना मात्र मला पायरीन्‌पायरी दिसतो, ज्यावरून मी धावलो नाही. मूळ पुसून त्यावर प्रत ठेवली गेली आहे. आणि हे मी माझ्यापुरते केले असते तर निदान माझा तोटा होता. ते मी आईच्या बाबतीत करू लागलो होतो. त्या खोलीतील चार रात्री हे तिचे होते. त्यांत मी तिला न विचारता खुर्ची टाकली.

आमच्या कचेरीत आता कागदाच्या फायली राहिलेल्या नाहीत. सारे संगणकावर चालते. तेथे टिपणी प्रथम पिवळी असते, म्हणजे मसुदा. ती वाटेल तितकी खोडा, वाढवा, बदला. एकदा पक्की केली की ती हिरवी होते आणि मग सचिवांनाही तिच्यातला शब्द बदलता येत नाही. चूक झाली असेल तर खाली नवी टिपणी लिहून ती चूक होती असे नोंदवावे लागते. मंडळातील दिव्यांचा क्रम याच्या उलट, हिरव्यानंतर पिवळा. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही तत्त्व काढण्याचा मोह मी टाळतो. एवढेच म्हणतो की कथनातही काही भाग पिवळा असतो आणि काही हिरवा. कोठून सुरू करावे, काय गाळावे, कोठे थांबावे, चार सेकंद की पाच, हे सारे पिवळे. त्याचा सराव करण्यात मला अजूनही गैर वाटत नाही. पण कोण तेथे होते, कोणी ऐकले, कोणाला म्हटले, हे हिरवे. आणि सर्वांत हिरवे ते, जे बदलल्याने नेमका माझाच लाभ होतो. कारण मी त्या प्रसंगात काय बदलले ते पाहा. शब्द तोच ठेवला, माणूस तोच, मृत्यू तोच. बदलले ते एवढेच की मंगळवार ते गुरुवार या दोन दिवसांबद्दल मला क्षमा मिळाली. ती बाबांनी दिली नव्हती. देता आली असती तर त्यांनी दिली असती, हे मला त्यांच्या स्वभावावरून ठाऊक आहे, पण दिली नव्हती. ती मी त्यांच्या तोंडून वदवून घेतली, तोंडात एकच शब्द उरलेल्या माणसाकडून, आणि दर शनिवारी तीस अनोळखी माणसांकडून तिच्यावर टाळ्यांची मोहोर घेत राहिलो.

मंडळ मी सोडलेले नाही. एका स्नेह्याने सुचविले की सोडावे. मला ते सोपे प्रायश्चित्त वाटते. बोलावयास शिकणे हा अपराध नव्हता. आई जबलपूरला परतण्यापूर्वी एका रात्री मी तिला त्या चार दिवसांविषयी विचारले, आणि तिने सांगितले. चाळीस मिनिटे ती बोलत होती. मध्येच शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेची कथा आली, एका डब्याचे झाकण हरवले होते त्याचा शोध आला, दोनदा ती एकच गोष्ट सांगून गेली आणि दोन्ही वेळा वार निराळा होता. मंडळातील कोणीही तिला तिसऱ्या मिनिटाला तांबडा दिवा दाखविला असता. बाबांच्या अखेरच्या शब्दापाशी ती थांबलीही नाही. सुई, हात, चालेल, आणि मग नर्सचे गाव कोणते ते. मी काही लिहून घेतले नाही. घ्यावेसे वाटले होते.

पुढचे भाषण मी त्याच विषयावर करणार आहे, या वेळी महोब्याजवळच्या गाडीतून. ते फिके पडेल याची मला जवळजवळ खात्री आहे. त्यात मी कोणाचा हात धरीत नाही आणि कोणी मला काही म्हणत नाही. पण अडचण तीही नाही. अडचण पहिल्या रांगेत बसते. ते सत्तरीचे गृहस्थ एकही सभा चुकवीत नाहीत. ते आता दर महिन्याला कानपूरला जातात. भावाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा पंधरा दिवस तेथे होते. ते भावाच्या दारात जो शब्द म्हणाले, तो त्यांना मी दिला होता आणि मला तो कोणीच दिलेला नव्हता. त्यांच्या समेटाला माझ्या सत्याची गरज आहे काय? आणि नसेल, तर ती नाही हे ठरविणारा मी कोण? की त्यांना आधी एकट्याला गाठून सांगावे, आणि मग मंचावर जावे? आईच्या बाबतीत तिने विचारले म्हणून मला उत्तर द्यावे लागले. यांनी विचारलेले नाही.

गेल्या शनिवारी सभा सुटल्यावर जिन्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचे भाषण कधी आहे म्हणून विचारले. मी त्यांना तारीख सांगितली. विषय त्यांनी विचारला, तेव्हा अजून ठरायचा आहे असे म्हणालो.